पडद्यावरची तलवार हाताला का कळत नाही?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खाली अंगणात मुलांचा मातीचा किल्ला आकार घेत होता आणि वर माझ्या टेबलावर याने संगणक मांडून एक खेळ सुरू केला होता. पडद्यावर मध्ययुगातले एक युरोपीय गाव दिसत होते. चिखलाचे रस्ते, लाकडी घरे, लोहाराची भट्टी, दूर टेकडीवर गढी.

"मामा, बघा, यातलं सगळं खरं आहे. गावंसुद्धा नकाशात सापडतात," तो अभिमानाने म्हणाला. मी थोडा वेळ पाहिले आणि पेपर तपासायला बसलो. तासाभराने माउस टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"काय रे, काय झालं?"

"गेम भारी आहे मामा. पण खेळायला मजा येत नाही."

विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य ऐकून मी पेपर बाजूला ठेवले. सगळे खरे असूनही खेळ हाताला खोटा का वाटावा? भाच्याला ते सांगता येईना. मग आम्ही दोघांनी दोन दिवस त्याच्या मागे घालवले. हाताशी होते काय, तर एक फूटपट्टी, एक मीटरपट्टी आणि कागद-पेन्सिल. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा खेळ १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आहे. त्यात रक्तपात आहे आणि लहानांनी पाहू नये असेही बरेच आहे. तेव्हा हा लेख वाचून घरी खेळाचा हट्ट धरू नका. आपल्याला त्यातले पदार्थविज्ञान तेवढे हवे आहे, आणि त्यासाठी संगणकाचीही गरज नाही.

लोहाराचा मुलगा

खेळाचे नाव 'किंगडम कम : डिलिव्हरन्स'. चेकियाची राजधानी प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेने तो तयार केला आणि १३ फेब्रुवारी २०१८ रोजी तो बाजारात आला. डॅनिएल वाव्रा हे त्याचे दिग्दर्शक. जादू नाही, राक्षस नाहीत, केवळ इतिहास; असा खेळ कोण विकत घेणार, अशी शंका भांडवल देणाऱ्यांना होती. म्हणून २०१४ साली त्यांनी लोकांकडूनच वर्गणी मागितली. मागितले ३ लाख पौंड, जमले ११ लाखांच्या वर. खेळ आल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या.

काळ आहे १४०३ सालचा आणि प्रदेश बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकियातला. सम्राट चौथा चार्ल्स १३७८ मध्ये वारला. त्याचा मुलगा वेन्सेस्लास गादीवर आला, पण त्याचा सावत्र भाऊ, हंगेरीचा राजा सिगिसमंड, याने १४०२ मध्ये त्याला कैद केले. या भाऊबंदकीत स्कालिट्झ नावाचे चांदीच्या खाणींचे गाव सिगिसमंडच्या फौजेने जाळले. तिथल्या लोहाराचा मुलगा हेन्री त्यातून वाचतो आणि पळतो. हा हेन्री म्हणजे तुम्ही, खेळणारे. अशा खेळांना रोल प्लेइंग म्हणजे भूमिका वठवण्याचे खेळ म्हणतात. भातुकली आणि चोर-पोलीस हे आपले याच जातीचे खेळ, फक्त विजेशिवाय चालणारे.

साझावा नदीच्या काठची ही गावे आजही आहेत. साझावाच्या मठातले गॉथिक चर्च त्या काळी बांधले जात होते, पुढे धर्मयुद्धांमुळे ते अर्धवटच राहिले, आणि खेळातही ते परांचीसकट अर्धवट उभे आहे. हेन्रीला भूक लागते, झोप येते, अंगाला घाण लागली की लोक नाक मुरडतात. आरंभी त्याला वाचता येत नाही. म्हणून त्याने पुस्तक उघडले की पानावरची अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात; एका लेखनिकाकडून तो वाचायला शिकला की ती हळूहळू जुळू लागतात. ही युक्ती मला फार आवडली. निरक्षर माणसाला छापील पान कसे दिसत असेल, हे मी इतक्या वर्षांत कधी अनुभवले नव्हते.

इतके सगळे असून, लढाईची वेळ आली की भाचा वैतागे. आणि तो एकटा नव्हे. खेळ आला त्या वर्षी अनेक परीक्षकांनी इतिहासाची तोंडभर स्तुती केली आणि लढाई, कुलूप उघडणे व खेळ सेव्ह करण्याची रीत यांवर टीका केली.

फूटपट्टीचा प्रयोग

लढाईत पडद्यावर पाच टोकांचा एक तारा दिसतो. माउस हलवून एक दिशा निवडायची आणि वार करायचा. शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी कळ दाबली तर तो अडवला जातो. नेमका क्षण म्हणजे सेकंदाचा लहानसा अंश. तो आपल्याला पकडता येतो का, हे आधी पाहू.

मित्राला ३० सें.मी.ची फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याची खूण खाली, तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये असू द्या. पण पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. जिथे पकडली ते अंतर वाचा. पट्टी मुक्तपणे पडते, म्हणून

अंतर = ½ × गुरुत्वीय त्वरण × काल²

गुरुत्वीय त्वरण सेकंदवर्गाला ९·८ मीटर घ्या. पट्टी २० सें.मी. पडली असेल तर काल येतो ०·२० सेकंद. १५ सें.मी. असेल तर ०·१७५, आणि २५ असेल तर ०·२३ सेकंद. निदान दहा वेळा करून सरासरी काढा, कारण एखाद्या वेळी मित्र हसतो आणि तुम्हाला आधीच कळते.

तेव्हा डोळ्याने पाहून बोट हलवायला सुमारे एकपंचमांश सेकंद जातो. पण इथे तुम्हाला एकच गोष्ट करायची होती. वार उजवीकडून येतो की डावीकडून हे ओळखून मग हलायचे असेल, तर आणखी वेळ लागतो. त्यात यंत्राचा उशीर मिळवा. कळ दाबली, ती संगणकाला कळली, त्याने नवे चित्र तयार केले, पडद्याने ते दाखवले, अशा साखळीत एकदशांश सेकंदापर्यंत वेळ सहज जाऊ शकतो. म्हणजे ०·२० चे ०·३० झाले. हातघाईत हा फरक फार मोठा.

मग खऱ्या तलवारबाजाचे कसे चालत असे? त्याचाही डोळा आपल्यासारखाच. यावर तलवारबाजीच्या जुन्या जर्मन परंपरेत एक सुंदर शब्द आहे: 'फ्यूलेन', म्हणजे स्पर्शाने जाणणे. दोन तलवारी एकमेकींना भिडल्या की समोरचा जोर लावतो आहे की सैल सोडतो आहे, हे पात्यातून थेट मनगटाला समजते, आणि पुढची चाल त्यावरून ठरते. डोळ्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा माणूस निम्मी लढाई हातानेच 'पाहत' असे.

आता माउसकडे पाहा. समोरच्याने जोर लावला काय किंवा सैल सोडले काय, माउस टेबलावर तितकाच हलका सरकतो. दुव्यातला नेमका तोच धागा तुटलेला आहे. काही खेळयंत्रांच्या हातातल्या डब्या थरथरतात हे खरे. त्यांच्यात लहान मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले वजन बसवलेले असते. ते फिरले की डबी हादरते. पण 'काहीतरी झाले' याहून जास्त ती थरथर फारसे सांगत नाही. कोणत्या बाजूने, किती जोराने, हे हाताला उमगत नाही.

तलवार जड असते का?

सिनेमे पाहून आपला समज असा होतो की मध्ययुगीन तलवार म्हणजे दहा-बारा किलोचे धूड. वस्तुसंग्रहालयांतल्या दोन हातांनी धरायच्या लांब तलवारींचे वजन बहुधा दीड किलोच्या आसपास भरते. खेळाच्या निर्मात्यांना हे ठाऊक आहे आणि त्यांच्या तलवारी दिसायला अगदी योग्य आहेत. परंतु तलवारीचे मर्म तिच्या वजनात नाही, ते वजन कुठे आहे यात आहे.

घरातली केरसुणीची काठी किंवा मीटरपट्टी घ्या. आधी मधोमध धरून मनगटाने डावी-उजवीकडे फिरवा. मग एका टोकाला धरून तशीच फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी मनगट कुरकुरते. सरळ, सारख्या जाडीच्या काठीचे जडत्व परिबल टोकाभोवती घेतले तर मध्याभोवतीच्या चौपट असते. कारण प्रत्येक कणाचा वाटा हा वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग असा असतो. अंतराचा वर्ग ही मेख लक्षात ठेवा.

तलवारीच्या मुठीच्या शेवटी लोखंडी गोळा असतो. तो शोभेसाठी नाही. समजा तो पाव किलोचा आहे आणि हातापासून १० सें.मी.वर आहे. तेवढेच लोखंड पात्याच्या टोकाकडे ९० सें.मी.वर बसवले असते तर? अंतर नऊपट, म्हणून जडत्व परिबल एक्याऐंशीपट. म्हणजे गोळ्याने तलवार पाव किलोने जड होते, फिरवायला मात्र जवळजवळ तितकीच हलकी राहते, आणि गुरुत्वमध्य मुठीकडे सरकल्यामुळे टोक हाताच्या ताब्यात येते. लोहाराचे कसब ते हेच. हेन्री लोहाराचा मुलगा, कथेत त्याचे वडील एक उत्तम तलवार घडवतात, तिच्याभोवती सगळी कथा फिरते. पण ती तलवार उत्तम का, हे आपल्या मनगटाला शेवटपर्यंत समजत नाही. पडद्यावर वार आणि बचाव यांचे आकडे तेवढे दिसतात.

दुसरी गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटच्या एका ठरावीक जागी लागला तर हाताला काही जाणवत नाही, आणि दुसरीकडे लागला तर झिणझिण्या येतात. विटी-दांडू खेळणाऱ्यांनाही हे माहीत आहे. त्या जागेला आघातकेंद्र म्हणतात. याचा प्रयोग अगदी सोपा आहे. मीटरपट्टीचे वरचे टोक चिमटीत सैल धरून ती लोंबकळू द्या. आता पेन्सिलीने तिच्यावर आडवी टिचकी मारा. आधी मध्यावर, मग ६७ सें.मी.वर, मग ९५ सें.मी.वर. मध्यावर मारल्यास वरचे टोक टिचकीच्याच दिशेने ढकलले जाते. तळाशी मारल्यास ते उलट दिशेला झटका देते. मधे कुठेतरी असा बिंदू सापडतो की वरच्या टोकाला धक्काच बसत नाही. सारख्या जाडीच्या पट्टीत तो लांबीच्या दोनतृतीयांशावर येतो. हे वर्गातही करण्यासारखे आहे; शिक्षकांना माझी सूचना अशी की आधी आकडा सांगू नये, मुलांना चिमटीने शोधू द्यावा.

दहा मिनिटे पट्टीला टिचक्या मारल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, चुकीचा वार बसला तर खऱ्या तलवारीनं माझ्याच हाताला सांगितलं असतं." अगदी बरोबर. चूक कुठे झाली हे खरी वस्तू लगेच सांगते. पडद्यावर फक्त वार फुकट गेल्याचे दिसते. का गेला ते कोण सांगणार? परिणामी खेळणारा काय करतो, तर खेळातला कॅप्टन बर्नार्ड जो एक प्रतिवाराचा डाव शिकवतो तेवढाच धरून बसतो. शत्रूची वाट पाहायची, नेमक्या क्षणी एक कळ दाबायची, की प्रतिवार आपोआप. पाच दिशांचा तो सुबक तारा मग शोभेपुरता उरतो.

बाण आणि हनुवटी

धनुष्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. बहुतेक खेळांत नेम धरायला पडद्याच्या मध्यावर एक फुली असते. या खेळात ती मुद्दाम ठेवलेली नाही. का, तर खऱ्या धनुष्याला फुली नसते. तर्क बिनतोड वाटतो, नाही का?

आधी थोडे गणित. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. २० मीटरवरच्या लक्ष्याला पोहोचायला ०·४ सेकंद लागतात. तेवढ्यात बाण खाली येतो ½ × ९·८ × ०·१६, म्हणजे ०·७८ मीटर. लक्ष्य ४० मीटरवर नेले तर वेळ दुप्पट, पण पडणे चौपट, ३·१ मीटर! दोन मजली घराच्या एका मजल्याएवढे. तेव्हा ४० मीटरसाठी बाण सुमारे साडेचार अंश वर रोखावा लागतो. हा अंदाज तिरंदाजाने कसा करायचा?

तो रोज एकच गोष्ट करतो. दोरी ओढणारा हात दर वेळी हनुवटीच्या किंवा गालाच्या एकाच जागी टेकवतो. त्यामुळे दोरी दर वेळी तितकीच ताणली जाते, म्हणजे वेग तोच मिळतो. पाठीचे स्नायू, खांदा, कोपर आपापली जागा सांगत असतात. डोळे मिटून तुम्हाला आपले नाक बोटाने शिवता येते ना? तीच जाणीव. अनेक दिवसांच्या सरावाने 'चाळीस मीटरचा कोन' तिरंदाजाच्या खांद्यात बसतो.

खेळाने फुली काढून टाकली, कारण ती खोटी होती. पण तिच्या जागी हनुवटी दिली नाही, कारण देता येत नाही. खऱ्या जगातली अडचण तेवढी उचलली आणि त्या अडचणीवरचा खरा उपाय मागेच राहिला. खऱ्या तिरंदाजापेक्षा खेळणाऱ्याची स्थिती मुळीच 'खरी' नाही. ती त्याच्यापेक्षा पुष्कळ वाईट आहे. आमच्या दोन दिवसांच्या खटाटोपाचे सार मला विचाराल तर ते एवढेच आहे. कुलपांचेही तसेच. खरे कुलूप उघडणारा बोटांनी आतले चाचपतो; इथे डोळ्यांनी एक ठिपका सांभाळायचा. काही यंत्रांवर ते इतके अवघड झाले की निर्मात्यांना पुढे सोपी रीत द्यावी लागली.

खिडकीतून पाहिलेली लढाई

एकाशी लढताना भाचा कसाबसा टिके. तिघे आले की मेलाच. नजर एका शत्रूवर खिळते आणि बाकीचे मागून येऊन मारतात.

सरळ समोर बघत उभे राहा. दोन्ही हात बाजूला पसरून बोटे हलवत हळूहळू मागे न्या. डोळे न वळवता ती हलणारी बोटे किती मागेपर्यंत कळतात? आपले दोन्ही डोळे मिळून जवळजवळ दोनशे अंशांचा प्रदेश सांभाळतात. कडेला अक्षर वाचता येत नाही, पण हालचाल चटकन समजते. आता पडदा मोजा. आमचा पडदा ५० सें.मी. रुंद आणि डोळ्यापासून ६० सें.मी.वर होता. निम्मी रुंदी भागिले अंतर म्हणजे २५/६०. ज्या कोनाची स्पर्शज्या एवढी तो कोन सुमारे २२·६ अंश. त्याची दुप्पट ४५ अंश. दोनशे अंशांचे रणांगण पंचेचाळीस अंशांच्या खिडकीतून! गंमत अशी की हेन्रीने तोंड झाकणारे शिरस्त्राण घातले की पडद्यावर फटीएवढेच दिसते. ती अडचण मात्र अगदी हुबेहूब वाटते, कारण ती डोळ्याचीच आहे आणि पडद्याला डोळ्याशीच बोलता येते.

काळाचे तुकडे

इथवर हातापायांचे झाले. संगणकाची म्हणूनही एक मर्यादा आहे. निसर्गात काळ सलग वाहतो. संगणक तो तुकड्यांत मोजतो. चित्रे सेकंदाला ३० असतील तर एक तुकडा १/३० सेकंदाचा. तलवारीचे टोक सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरते असे समजू. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते अर्धा मीटर पुढे गेले! आधीच्या चित्रात ते शत्रूच्या दंडाच्या अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे. दंडाला लागले कधी? चित्रांत तर कधीच नाही. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यांना केवळ जागा तपासून चालत नाही, मधला सगळा झाडलेला प्रदेश तपासावा लागतो.

बाणाचे पडणेही तुकड्यांनी मोजून पाहा, कागदावर पाच मिनिटांत होते. ०·४ सेकंदाचे ०·१ चे चार तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात आरंभीचा वेग कायम धरा: ०, ०·९८, १·९६, २·९४ मीटर प्रतिसेकंद. बेरीज गुणिले ०·१ म्हणजे ०·५९ मीटर. खरे उत्तर ०·७८. आता ०·०५ चे आठ तुकडे करा. उत्तर येते ०·६९. आणखी बारीक, १/६० सेकंदाचे चोवीस तुकडे केले तर ०·७५. तुकडा जितका लहान तितके सत्याच्या जवळ. प्रत्यक्षात याहून चलाख रीती वापरतात आणि थोड्या तुकड्यांतही चांगले उत्तर मिळवतात. सांगायचे हे की या बाबतीत यंत्र सुधारले की उत्तर सुधारते. हनुवटीचा प्रश्न तसा सुटत नाही.

खेळ सेव्ह करण्याची तऱ्हाही अशीच 'खरी' होती. आयुष्यात मागे जाता येत नाही, म्हणून हवे तेव्हा सेव्ह करता येत नसे. हेन्रीने आपल्या बिछान्यात झोपावे किंवा एक महागडे मद्य प्यावे तेव्हा ते होई. पुढच्या सुधारणेत बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय आली. पण लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली आणि भाच्याचे दोन तास त्याबरोबर गेले. १४०३ साली वीज जाण्याचा प्रश्न नव्हता, हे निर्मात्यांच्या बाजूने म्हणता येईल.

निर्मात्यांना मी नावे ठेवतो आहे असे समजू नका. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी या खेळाचा दुसरा भाग आला. त्यात त्यांनी लढाईची रीत सोपी केली आणि ती पुष्कळांना जास्त पटली. म्हणजे 'खरेपणा' कमी केल्यावर खेळ अधिक खरा वाटला.

खालच्या मुलांचा किल्ला पाहिल्यावर मला याचे नवल वाटेना. त्यांचा मावळा दरवाज्यापेक्षा उंच होता आणि वाघ बुरुजाएवढा. प्रमाणात एक गोष्ट धड नव्हती. पण तट कुठे दुबळा, पाणी कुठून येणार, चोरवाट कुठे काढायची, यावर त्यांचे जे भांडण चालले होते ते खऱ्या किल्लेदाराचे भांडण होते, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत मातीत होते.

मला हे सगळे आता का सुचले, तेही सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या विद्यार्थ्यांनी लंबकाचा प्रयोग संगणकावर केला. प्रत्येकाचा आवर्तकाल बरोबर आला आणि मी सर्वांना पैकीच्या पैकी गुण दिले. महाविद्यालय उघडल्यावर तीच मुले प्रयोगशाळेत आली. गोळा सरळ न झुलता लंबवर्तुळात फिरत होता, तरी त्यांची मोजणी चालू. एका आंदोलनाचा काल घड्याळाने मोजायचे आणि उत्तर दर वेळी वेगळे का येते म्हणून मला विचारायचे. आपला अंगठा एकपंचमांश सेकंद उशिरा चालतो आणि म्हणूनच वीस आंदोलने मोजून भागायचे असते, हे पडद्याने त्यांना सांगितलेच नव्हते. पडद्यावर अंगठा नव्हता. चूक त्यांची नव्हती. गुण मी दिले होते.

आणि आता जुनी उपकरणे दुरुस्त करावीत की त्या पैशांत आणखी संगणक घ्यावेत, याबद्दल आमच्या विभागाचे लेखी मत मागवले आहे. दिवाळीपूर्वी मी 'दुरुस्त करा' एवढेच लिहिणार होतो, तेही बरेचसे सवयीने. आता मी प्रयोगांची यादी दोन भागांत केली आहे. ग्रहांच्या कक्षा, विद्युतक्षेत्राच्या रेषा, तरंगांचे व्यतिकरण यांतली मुख्य खूण डोळ्याला पटते. ते संगणकावर खुशाल करावेत, कदाचित जास्त चांगले होतील. लंबक, घर्षण, व्हर्निअर कॅलिपर, तरफ यांतली खूण हाताला मिळते. त्यांची उपकरणे दुरुस्त करावीत, आणि तीही आधी. हे मत मान्य होईल की नाही कोण जाणे.

जाण्याच्या दिवशी सकाळी भाच्याने फूटपट्टीचा प्रयोग बदलून केला. तो तुम्हीही करून पाहा. डोळे मिटायचे. मित्राने एका हाताने पट्टी सोडायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने तुमच्या खांद्यावर टिचकी मारायची. दोन्ही एकदम होतील असा आधी थोडा सराव करून घ्यावा, नाहीतर आकडे फसवतात. डोळ्याने पाहून भाच्याची सरासरी १८ सें.मी. होती. डोळे मिटून, नुसत्या स्पर्शावर, ती १३ वर आली. माझी २५ ची २० झाली. या आकड्यांचे सेकंद तुम्हीच काढा, मग शेजारी तुमचे आकडे लिहा.